काळा पडलेला अंगठा

बेकरीवालीच्या मानेवरचे केस उचलून त्याखाली मेंदी थापताना काकूंना आपला उजवा अंगठा दिसला आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. हातमोज्याचं टोक फाटलं होतं. कधी फाटलं ते कळलंच नव्हतं. फाटक्या जागेतून बाहेर डोकावणारं बोट नखापासून पहिल्या पेरापर्यंत काळं झालं होतं. तांबूस नाही, तपकिरी नाही, जळक्या तव्याच्या बुडासारखं काळं.

"काय हो, डुलकी लागली का?" बेकरीवाली म्हणाली. "माझी मान मोडायला आली इथं."

"झालंच," काकू म्हणाल्या. त्यांनी मोजा काढला, अंगठा नळाखाली धरला, साबण लावून चोळला. पाणी स्वच्छ होऊन गेलं. अंगठा काळा तो काळाच.

सव्वीस वर्षं त्या बायकांच्या डोक्याला मेंदी लावत होत्या. आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांना डोकंवाल्या काकू म्हणत. हे नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण मेंदीसारखंच ते चढलं आणि उतरलं नाही. नवरा होता तेव्हा आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या हिला साठ डोकी आहेत, पण त्यातलं एकही स्वतःचं नाही." त्यावर काकू आतून म्हणायच्या, "स्वतःचं असतं तर तुमच्याशी लग्न केलं असतं का?"

कामाची रीत ठरलेली होती. आदल्या संध्याकाळी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवायची. सकाळी डबा भरून निघायचं आणि दुपारच्या आत चार घरं उरकायची. एका घरी पाऊण तास. लावायचं, केस वर गुंडाळायचे, प्लास्टिकची टोपी चढवायची, "तीन तासांनी धुवा, आज शांपू लावू नका" एवढं सांगायचं, की पुढचं घर. धुवायला काकू कधी थांबत नसत. तशी गरजच नव्हती. पाला, आवळा आणि चहा, ह्यात बिघडण्यासारखं होतं काय? कुणी विसरून चार तास ठेवली तर केस थोडे अधिक तांबडे होत, इतकंच.

आणि तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत काकू हातमोजे घालत नसत. मेंदी बोटाला आधी फिकट नारिंगी रंग देते, दुसऱ्या दिवशी तो गडद होतो. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातांना दुसरा रंगच राहिला नव्हता. नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, "नक्की शुद्ध आहे ना?", की त्या दोन्ही पंजे पुढे करत. "रोज सकाळ-दुपार माझ्या हातांना लागतं. ह्यांना काही झालं असतं तर तुमच्यापर्यंत पोचले असते का?"

अर्ध्या तासात बोट काळं करणारी मेंदी जगात नाही. ते काम एकाच गोष्टीचं, दुकानात छोट्या पाकिटात मिळणाऱ्या काळ्या पुडीचं. पाकिटावर पानाचं चित्र असतं, आत पान औषधालाही नसतं. काकूंनी तिला कधी घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता.

हातमोजे आणले होते धाकटीनं. धाकटी म्हणजे काकूंची जाऊ, दिराची बायको. दीर लांब नोकरीला, त्यामुळे दोघी जावा एकाच घरात. मागच्या वर्षी काकूंचा खांदा धरला, तेव्हापासून मेंदी भिजवायचं आणि सकाळी घोटायचं काम धाकटीकडे आलं. तीन आठवड्यांपूर्वी तिनं एक खोकं आणून समोर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, हातांची काय दशा करून घेतलीत! हे घालत जा." काकूंना बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातांची काळजी कुणी केली नव्हती.

आता बेकरीवालीच्या न्हाणीघरात उभ्या राहून त्यांना त्या खोक्याचा खरा अर्थ कळला. काळे पडलेले हात दिसू नयेत म्हणूनच ते आलं होतं.

आणखीही एक गोष्ट आठवली. ती आठवायला नको होती. गेले तीन आठवडे बायका खूश होत्या. "काकू, या खेपेला रंग काय सुरेख चढलाय!" "भगवी दिसत नाही हो मी आता." एक तर म्हणाली, "पार्लरच्या तोंडात मारलीत." काकूंनी ती स्तुती हसून पदरात पाडून घेतली होती. मागच्या मंगळवारी डबा उघडताना नाकाला काहीतरी झोंबलंही होतं. चहा जास्त उकळला असेल, असं म्हणून त्यांनी झाकण लावून टाकलं होतं.

त्यांनी फोन लावला.

"धाकटे, मेंदीत काय घातलंस?"

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला.

"मी काय विचारतेय?"

"ताई, चमचाभरच घालते हो. नाहीतर सगळ्या कुरकुर करतात, केस गाजरासारखे होतात म्हणून. समोरच्या पार्लरात पाच जणी गेल्या. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही..."

"आजच्या डब्यात आहे?"

"आहे. पण कुणाला काही होत नाही ताई, तीन आठवडे झाले. आणि मास्तरीणबाईंच्या दिवशी मी घालणारच नव्हते. एवढं कळतं मला. त्यांना सोसत नाही ते माहीत आहे. त्या गुरुवारी आहेत ना?"

काकूंनी भिंतीला हात टेकला.

मास्तरीणबाई गुरुवारीच होत्या. पण काल त्यांचा फोन आला होता. पासपोर्टसाठी फोटो काढायचा होता, आठ वर्षांनी लेकीकडे जायचं होतं, "जरा आधी जमेल का?" काकू म्हणाल्या, "या की, म्हणजे मीच येते की, उद्याच." धाकटीला हे सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. कशाला सांगायचं? डबा सगळ्यांना एकच. एकीनं पूड लपवली, दुसरीनं वार बदलला, आणि दोघींच्या मध्ये एक म्हातारी बाई डोकं पुढे करून बसली.

"धाकटे, बाईंना मी लावून आले. नऊ वाजता."

"अगं आई गं," धाकटी म्हणाली.

घड्याळात पावणेदहा झाले होते.

सहा वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंनी दुकानातला रंग लावला होता. अर्ध्या तासात डोळे मिटले, ओठ सुजले, घसा आवळत गेला. दवाखान्यात दोन दिवस काढावे लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा हा पदार्थ अंगाला लागला तर पहिल्यापेक्षा वाईट होईल. म्हणून तर त्या काकूंकडे आल्या. त्या पंजे बघून समाधान मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी चष्मा लावून त्यांनी डबा हुंगला होता, कढई बघायला घरी आल्या होत्या, आणि मग म्हणाल्या होत्या, "ठीक आहे. तुमच्यावर विश्वास ठेवते." शाळेत पेपरावर सही करावी तसं.

काकूंनी बाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा फोन कुणी उचलणार नाही. बाईंना ऐकू येत नव्हतं. कानात यंत्र असे, पण मेंदी लावताना ते काढावं लागे. आज सकाळी काकूंनीच ते दोन्ही कानांतून अलगद काढून डबीत ठेवलं होतं आणि डबी कपाटावर ठेवली होती, उंच, मेंदीचे हात लागू नयेत म्हणून.

"बेकरीवाल्या वहिनी, उठा," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "डोकं धुवा. आत्ता."

"आत्ता? अहो, आत्ताच तर थापलंत! मी काय भिंत आहे का, लावा-खरवडा करायला?"

"ह्यात दुसरा रंग पडलाय. चुकून. धुवून टाका, साबणाने. मी नंतर येऊन सगळं सांगते."

"चांगला काळा येणार म्हणताय का?" बेकरीवालीनं आशेनं विचारलं.

काकू तोवर जिना उतरत होत्या. पहिल्या घरच्या बाईला त्यांनी चालता चालता फोन केला, "धुवा, विचारू नका, धुवा." ती काही विचारत होती तोच त्यांनी फोन ठेवला. पिशवी खांद्यावर आपटत होती. पन्नाशी उलटल्यावर माणूस पळतो तेव्हा लोक वाट देतात, पण वळूनही बघतात. भाजीवाला ओरडला, "काकू, आग लागली का कुठे?" त्यांनी हात हलवला. हो म्हणायचं होतं की नाही, त्यांनाही कळलं नाही.

मास्तरीणबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन जिने चढेपर्यंत खांद्यातली कळ हातात उतरली. तिसऱ्या जिन्यावर त्यांना वाटलं, आता दार उघडं असेल, माणसं जमली असतील. दार बंद होतं. हेही काही कमी वाईट नव्हतं.

त्यांनी घंटा दाबली. मग दार बडवलं, आधी हातानं, मग चपलेनं.

समोरचं दार उघडलं. पोस्टातून निवृत्त झालेले काका बनियनवर बाहेर आले, हातात दात घासायचा ब्रश.

"अहो, काय चाललंय? बहिऱ्या आहेत त्या."

"माहीत आहे. किल्ली आहे तुमच्याकडे?"

"होती. मागच्या महिन्यात परत घेतली. म्हणाल्या, तुम्ही कुलूप नीट लावत नाही." काकांना हे मनाला लागलेलं दिसत होतं. "आणि कडी आतून असते. किल्ली असून उपयोग काय?"

"त्यांच्या डोक्यावर विष आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी ब्रश खाली केला. "कुणी घातलं?"

"मी."

ते दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "मागच्या बाल्कनीत असतील. उन्हात बसतात, मेंदी वाळवत. या आत. आमच्या बाल्कनीतून दिसतं."

काकांच्या घरातून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून, वाळत घातलेल्या लेंग्यांखालून वाकून दोघं मागच्या बाल्कनीत आले. दोन बाल्कन्यांमध्ये आठ-दहा हातांचं अंतर, खाली तीन मजले. पलीकडे खुर्चीत मास्तरीणबाई बसल्या होत्या. पाठ इकडे, तोंड उन्हाकडे, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, हातात वर्तमानपत्र. पान उलटताना हात हलला. काकूंच्या जिवात जीव आला, पण अर्धाच, कारण दुसऱ्या हातानं बाई कानामागे खाजवत होत्या.

"बाई! ओ बाई!" काकू ओरडल्या. काकाही ओरडले. खालच्या मजल्यावरच्या एकीनं वर डोकं काढून विचारलं, "काय झालं हो?" सगळ्या इमारतीला ऐकू गेलं, एका बाईंना सोडून.

काकूंनी पिशवीत हात घातला. मागचे केस गिऱ्हाइकाला दाखवायला त्या हातआरसा बाळगत. त्यांनी तो उन्हात धरला, तिरपा केला. कवडसा भिंतीवर नाचला, खुर्चीच्या पाठीवर आला, बाईंच्या खांद्यावरून घसरत नेमका वर्तमानपत्रावर जाऊन बसला.

बाईंनी पेपर जरा डावीकडे सरकवला.

कवडसाही डावीकडे गेला. बाईंनी पेपर उजवीकडे घेतला. कवडसा मागोमाग.

"कोण आहे ते?" बाई मागे न वळता, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या. "मी बघणार नाही. तीस वर्षं वर्गात आरशाचे कवडसे पाडणारी कार्टी पाहिलीयत. बघितलं की चेकाळतात. चालू द्या तुमचं."

आणि त्यांनी पेपराची घडी घालून चेहऱ्यासमोर धरली.

"देवा रे," पोस्टातले काका म्हणाले, "ही बाई शाळेतून निवृत्त झालीच नाही."

काकूंना हसू आलं नाही. बाईंचा हात आता कानामागून मानेवर आला होता, मानेवरून गळ्यावर. काकूंनी आरसा टाकला, डबा उघडला, डब्यावरचं ओलं फडकं मेंदीत बुडवून त्याचा गोळा केला आणि दुखऱ्या खांद्याची पर्वा न करता भिरकावला. पहिला गोळा कठड्यावर आपटून खाली गेला. "अहो, खाली माणसं आहेत!" खालची बाई किंचाळली. काकांनी दोरीवरचा स्वतःचा लेंगा ओढला आणि तो काकूंच्या हातात दिला. "हा घ्या. जुना आहे."

मेंदीत भिजलेला लेंगा पल्ला गाठून वर्तमानपत्रावर थपकन बसला.

मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. आधी त्यांनी लेंग्याकडे बघितलं. मग वळल्या. त्यांचा चेहरा इकडे झाला. टोपीच्या कडेनं कपाळावर लाल पट्टा उमटला होता आणि डावी पापणी जड होऊन खाली आली होती.

काकूंनी दोन्ही हातांनी केस धुतल्याच्या खुणा केल्या. मग दाराकडे बोट. मग पुन्हा केस. बाईंनी भुवया उंचावल्या, सावकाश आत गेल्या. काकूंना परत टेबलाला वळसा घालून जिन्यात यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात कडी निघाली.

"हा कुणाचा लेंगा?" बाईंनी दारातच विचारलं.

काकूंनी उत्तर न देता त्यांना दंडाला धरून न्हाणीघरात नेलं, स्टुलावर वाकवलं, टोपी ओढून काढली आणि नळ पूर्ण सोडला. आजवर त्यांनी कधी कुणाचं डोकं धुतलं नव्हतं, त्यामुळे आज पहिल्यांदा दिसलं की आपली मेंदी केसांतून निघते कशी. गढूळ, हिरवट पाणी अपेक्षित होतं. शाईसारखं पाणी निघालं. बाई वाकलेल्या अवस्थेत ओरडत होत्या, "अहो, एक तासही झाला नाही! रंग चढायचाय अजून! उद्या फोटो आहे माझा!"

पाणी निवळेपर्यंत काकू थांबल्या नाहीत. मग साबण, मग पुन्हा पाणी. कानामागे, मानेवर, केसांच्या मुळांशी. कातडीवर लाल चट्टे उठले होते. टॉवेल डोक्याला लपेटून त्यांनी बाईंना सरळ बसवलं, तेव्हा डावा डोळा अर्धा मिटला होता.

"काय झालंय?" बाईंनी विचारलं.

आता सांगायला हवं होतं. कपाटावरची डबी काढून यंत्र देता आलं असतं, पण बाईंचे कान ओले, सुजलेले. काकू त्यांच्या तोंडासमोर वाकल्या आणि हळू म्हणाल्या, "मेंदीत काळा रंग होता."

"काय?"

"मेंदीत. काळा रंग होता."

"मोठ्यानं बोला! पुटपुटू नका!"

दार सताड उघडं होतं. दारात पोस्टातले काका उभे होते, त्यांच्यामागे खालच्या मजल्यावरची बाई, केसांना मेंदीचा शिंतोडा लागलेली, भांडायला आलेली. तिच्यामागे आणखी कुणीतरी. ही सगळी घरं काकूंची होती. खालची बाई महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी. वरची शेवटच्या सोमवारी.

काकूंनी श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं, "माझ्या मेंदीत दुकानातला काळा रंग होता! तीन आठवड्यांपासून आहे! मला आज कळलं!"

जिन्यात आवाज घुमला.

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, एका उघड्या आणि एका मिटत्या डोळ्यानं. मग स्वतःचा गळा चाचपला. गिळून बघितलं. "दवाखान्यात चला," त्या म्हणाल्या. "आणि तो डबा बरोबर घ्या. डॉक्टर विचारतील, काय लावलं. मागच्या वेळी कुणाला सांगता आलं नव्हतं."

काकांनी शर्ट चढवला आणि गाडी काढली. मागच्या सीटवर काकूंनी बाईंचा हात धरून ठेवला होता. बाईंनी तो धरू दिला, पण दाबला नाही. मध्येच एकदा बाई खोल श्वास घ्यायला थांबल्या, तो श्वास आत जाताना बारीक शीळ वाजली. "काका," काकू म्हणाल्या. काकांनी हॉर्नवर हात ठेवला तो दवाखान्याच्या फाटकाशी उचलला.

डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला, हुंगला, काकूंच्या अंगठ्याकडे बघितलं आणि दुसरं काही न विचारता सुई भरली. एक दंडात, एक शिरेत. नाकाला नळी. काकू पडद्याबाहेर स्टुलावर बसल्या. त्यांनी आत जायचं धाडस केलं नाही. पडद्याखालून बाईंची पावलं दिसत होती, करड्या मोज्यांतली. ती पावलं हलली की त्यांना बरं वाटायचं, आणि बराच वेळ हलली नाहीत की त्या उठून उभ्या राहायच्या.

काकूंनी फोन केल्यावर साडेअकराच्या सुमारास धाकटी आली. घरच्याच कपड्यांत, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ती काकूंच्या समोर उभी राहिली.

"बाई?"

"श्वास लागत होता. आता कमी आहे म्हणतात."

धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "मारा मला."

"इथं नको. दवाखाना आहे." काकूंचा आवाज कोरडा होता. "कुणाला विचारून घातलंस?"

"कुणाला विचारणार? तुम्ही म्हणाला असतात नाही." धाकटीनं नाक पुसलं. "पाच जणी गेल्या, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मला बघवेना. आणि मग बायका खूश झाल्या, तुम्हीही खूश झालात. तुम्ही घरी येऊन गुणगुणायचात ताई. मला वाटलं..." ती थांबली. मग खाली बघत म्हणाली, "खरं सांगू? मला वाटलं, तुम्हाला कळलंय. कळलंय आणि तुम्ही विचारत नाही आहात."

काकूंना तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली असती तर फार सोपं झालं असतं. पण त्या मंगळवारचा तो झोंबरा वास अजून नाकात होता.

"अर्धवट कळलं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं नाही."



एक वाजता पडदा सरकला. मास्तरीणबाईंचा चेहरा एका बाजूनं फुगला होता, डोळा पूर्ण मिटला होता, पण आवाज नेहमीचाच होता. काकांनी घरी जाऊन डबी आणली होती आणि यंत्र कानात बसलं होतं.

"किती जणींना लावलंत, तीन आठवड्यांत?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मनात घरं फिरून बघितली. "त्रेपन्न."

"त्यांना सांगितलंत?"

"आजच्या दोघींना."

"बाकीच्यांना सांगा. घरी जाऊन. आजपासून. एखादीला माझ्यासारखं असेल आणि तिला माहीतही नसेल, पुढच्या खेपेला तिचा घसा धरेल." बाईंनी धाकटीकडे बघितलं. "ही पण येईल. हिनं घातलं ना?"

"मी घातलं," धाकटी म्हणाली.

"बाई, तुम्ही मला..." काकू म्हणाल्या.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "अजून डोळा उघडत नाही माझा. लेकीला काय सांगू ते कळत नाही. आणि मेंदी आता बंद. पांढऱ्या केसांचा फोटो चालतो म्हणे पासपोर्टला." त्या थांबल्या. "पण तुम्ही पाय ओढत आला असतात तर मी हे बोलायला उरले नसते, हेही खरंच. जा आता. मला झोपू द्या."

काकू आणि धाकटी दवाखान्यातून थेट निघाल्या. पहिलं घर बेकरीवालीचं घेतलं, ती जवळची आणि ती अर्धवट ओल्या डोक्यानं वाट बघत असणार होती. तिला सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला, चार वेळा "बाई बाई" म्हणाली, आणि मग म्हणाली की डोक्याचं राहू दे, पण हे तिच्या सासूला कळू देऊ नका. दुसऱ्या घरी दाराच्या फटीतूनच उत्तर आलं, "पुन्हा येऊ नका." तिसऱ्या घरी कुणी नव्हतं. चौथ्या घरी, बँकेतल्या कॅशियर बाईंकडे, काकूंनी तोंड उघडण्याआधी धाकटीच बोलायला लागली. तिनं काही गाळलं नाही. मोज्यांचंही सांगितलं.

कॅशियर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आरशात बघून स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. केस खरंच सुंदर दिसत होते, गडद, मऊ.

"मला तर काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "मग मला तसलीच लावत जा ना. मी कुणाला सांगणार नाही."

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग मी पार्लरात जाईन."

"जा. पण लावण्याआधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबा. तिथं सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते."

कॅशियर बाईंनी दार लावलं. रागानं नाही, हळूच. जिन्यात दोघी उभ्या राहिल्या. धाकटीनं विचारलं, "ताई, अशा सगळ्याच गेल्या तर?"

काकूंनी पिशवीतून यादीची वही काढली. चष्मा लावला. पुढचं घर वरच्याच मजल्यावर होतं, आणि खांदा इतका दुखत होता की कठडा धरून चढावं लागणार होतं.

"पिशवी धर," त्या म्हणाल्या.